बांध उंच करायचा की मागे सरकवायचा?

नेदरलँड्समध्ये वाल नदीच्या काठी नायमेखन नावाचं शहर आहे. खूप जुनं, अगदी रोमन लोकांच्या काळापासूनचं. ऱ्हाईन नदी जर्मनीतून या देशात शिरली की तिला फाटे फुटतात. त्यातला सगळ्यांत मोठा फाटा म्हणजे वाल. ऱ्हाईनचं जवळजवळ दोन तृतीयांश पाणी ती एकटी वाहून नेते. आणि नेमकी नायमेखनपाशी ही नदी झपकन वळते आणि पूर्वी तर अरुंदही व्हायची! एका काठाला शहर, समोर लेंट नावाचं गाव आणि गावाच्या पुढ्यात मातीचा उंच बांध. मधल्या चिंचोळ्या वाटेतून एवढ्या पाण्यानं जायचं कसं?

१९९५ च्या हिवाळ्यात नद्या इतक्या फुगल्या, की या भागातल्या सुमारे अडीच लाख लोकांना घरदार सोडून जावं लागलं. बांध टिकले, पण सगळ्यांचे प्राण कंठाशी आले होते. मग ठरलं, की ऱ्हाईन देशात शिरते तिथे सेकंदाला १६,००० घनमीटर पाणी आलं, तरी ते सुखरूप पुढे गेलं पाहिजे. पावसाळ्यात बातम्यांमध्ये धरणाच्या विसर्गाचे आकडे ऐकता ना? त्या भाषेत हे झाले साधारण ५ लाख ६५ हजार क्युसेक!

आता तुम्हीच इंजिनिअर व्हा. काय कराल?

पहिल्यांदा सुचतं ते म्हणजे बांध आणखी उंच करायचा. सोपं वाटतं, पण एक तांब्या पाणी पेल्यात ओता आणि तेवढंच परातीत ओतून बघा. पेल्यात ते वर चढतं, परातीत पसरतं. उंच बांधांमध्ये अडकलेली नदी पेल्यातल्या पाण्यासारखी वर वर चढत जाते. अशा वेळी बांध फुटलाच, तर पाणी जास्त उंचीवरून गावात घुसतं. शिवाय खोल पाण्याचा दाब वाढला, की ते बांधाच्या तळाखालच्या वाळूतून पाझरतं, वाळू वाहून नेतं आणि बांध खालून पोखरतं. वरून बघणाऱ्याला पत्तासुद्धा लागत नाही!

काठालगतची जमीन खणून नदीला जागा करायची, हा दुसरा उपाय. त्यात कुणाचं घर जात नाही. पण पुढे कधी याहून मोठा पूर आला, तर तेवढी जागा पुरायची नाही.

नायमेखनसाठी तिसरा उपाय निवडला गेला. लेंटचा बांध चक्क ३५० मीटर मागे नेला! मोकळ्या झालेल्या जागेत नदीसाठी जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा नवा प्रवाह खणला. नदी आणि हा प्रवाह यांच्यामध्ये एक बेट तयार झालं, त्यासाठी नवे पूल बांधावे लागले. काम संपत आलं तेव्हा २०१५ साल उजाडलं होतं.

सुमारे पन्नास घरं मात्र पाडावी लागली. मला वाटतं, या सगळ्या कामातला सर्वांत अवघड भाग हाच. यंत्रांनी माती हलवता येते, पण 'तुमचं घर इथे राहणार नाही' हे माणसांना सांगायचं कसं?

आणि मिळालं काय? मोठ्या पुरात पाण्याची पातळी सुमारे ३५ सेंटिमीटरनं खाली. तुमच्या मोठ्या पट्टीपेक्षा थोडंसंच जास्त! पण काठोकाठ भरलेल्या नदीत एवढा फरक फार मोठा असतो.

गंमत म्हणजे याचा फायदा एकट्या नायमेखनला होत नाही. अरुंद जागी पाणी तुंबलं, की ते मागे मागे फुगत जातं. ती जागा रुंद झाल्यावर मागचा फुगवटाही उतरतो. त्यामुळे नदीच्या वरच्या अंगाला, कित्येक किलोमीटर अलीकडे असलेल्या गावांमध्येही पुराचं पाणी थोडं कमी चढतं, तिथल्या बांधांना हातसुद्धा न लावता!