पारायण, रियाज आणि पथ्य

१९३५ साली इंदूरला मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपदी होते औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी. ते चित्रं काढत. रामायणातल्या प्रसंगांची त्यांची चित्रमाला ग्रंथरूपाने निघाली होती. कीर्तनाला स्वतः उभे राहत. रोज पहाटे सूर्यनमस्कार घालत, संस्थानच्या शाळांमधून मुलामुलींना घालायला लावत, आणि त्या व्यायामावर त्यांनी पुस्तकही लिहिलं होतं. १९३८ मध्ये त्याच विषयावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनला प्रसिद्ध झालं. त्यांच्या आश्रयाने औंधात राहिलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार. पुढे ते वेदांच्या अभ्यासाकडे वळले, योगासनांवर लिहिलं, आणि शंभरी ओलांडून १९६८ मध्ये गेले.

या दोघांची पुस्तकं आज दुकानात कुठे ठेवायची? अध्यात्माचं कपाट वेगळं, कलेचं वेगळं, आरोग्याचं वेगळं. गेली काही वर्षं मी या तिन्ही कपाटांतली पुस्तकं वाचते आहे, आणि ती वेगळी ठेवू नयेत असं माझं ठाम मत होत गेलं आहे. भक्तीचं पारायण, कलेचा रियाज आणि शरीराचं पथ्य, तिन्ही गोष्टी रोज, ठरल्या वेळी, मन लागो न लागो, कराव्या लागतात. वाचणाऱ्याच्या हाती असं रोजचं काहीतरी देणारी पुस्तकं माझ्याजवळ टिकली. नुसतं समाधानाचं आश्वासन देणारी वाचून झाली की दुसऱ्या कुणाकडे गेली.

इंदूरच्या मराठी घरांत या वाचनाची सुरुवात बहुधा पोथीपासून होते. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह बसतो. दत्तभक्त संत नानामहाराज तराणेकरांचं वास्तव्य या शहरात होतं, त्यामुळे दत्तभक्ती इथल्या अनेक घरांत मुरलेली आहे. टेंबेस्वामींची करुणात्रिपदी पाठ असणारी माणसं गल्लोगल्ली भेटतात. सप्ताहाचे नियम पाहिले तर ते जवळजवळ सगळे शरीराचे आहेत. जागा एकच, आसन एकच, जेवण साधं, झोप जमिनीवर, बोलणं मोजकं. सात दिवस माणूस स्वतःच्या देहाला एका लयीत बांधून घेतो. पोथी ऐकताना मिळणारी शांतता मला आधी शब्दांची वाटत असे. आता वाटतं, तिचा मोठा वाटा या लयीचा आहे. मात्र बायकांनी गुरुचरित्र वाचू नये, फक्त ऐकावं, हा संकेत आमच्याही घरी होता, आणि तो मला मान्य नाही. माझ्या आजीला ऐकून ऐकून अध्याय पाठ झाले होते. ज्याने मनाला आधार द्यायचा तो ग्रंथ निम्म्या घराच्या हाती न देणं हा अन्यायच होता. आमच्या पिढीतल्या पुष्कळ जणी आता पोथी स्वतः वाचतात, याचा मला मनापासून आनंद आहे.

बाई म्हणून वाचताना मला सर्वांत मोठा आधार दुर्गा भागवतांचा झाला. त्या १९१० मध्ये इंदूरला जन्मल्या, याचा इथल्या मराठी माणसांना अभिमान आहे, पण त्यांची पुस्तकं त्या मानाने कमी वाचली जातात. मध्य प्रांताच्या जंगलात आदिवासी जीवनाचा अभ्यास करताना विषारी वनस्पती पोटात गेली आणि त्या दीर्घकाळ आजारी पडल्या. डॉक्टरेटचं काम तिथेच थांबलं. त्यानंतर १९५६ मध्ये ‘ऋतुचक्र’ आलं. बारा मराठी महिन्यांतली झाडं, फुलं, पाखरं, आभाळ यांच्याकडे ज्या सावकाशीने त्यांनी पाहिलं आहे, ती सावकाशी पुष्कळ काळ अंथरुणावर काढलेल्या माणसाची असावी, असं मला वाचताना सतत जाणवतं. त्या पुस्तकात आजाराचा सल्ला नाही, मनःशांतीचे उपाय नाहीत. पण चैत्र वाचून झाला की माणूस खिडकी उघडून झाड शोधतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधतो.

दुर्गाबाईंच्या ‘पैस’ला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नेवाशाच्या ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली अशी श्रद्धा आहे, त्या खांबापासून त्यातला शीर्षकलेख उगवतो. दुर्गाबाई कर्मकांड मानणाऱ्या नव्हत्या, बौद्ध जातककथांचा प्रचंड अनुवाद त्यांनी केला, लोकधर्माचा शास्त्रीय अभ्यास केला. तरीही त्या खांबासमोर उभ्या राहतात तेव्हा अभ्यासकाची टाचणवही बाजूला ठेवतात. श्रद्धा आणि चिकित्सा एकाच पानावर नांदू शकतात, हे मला त्यांनी दाखवलं. शिवाय त्याच बाईंनी ‘खमंग’ हे स्वयंपाकाचं पुस्तकही लिहिलं, आणि भरतकामातही त्यांचा हात होता. व्यासांवर लिहिणारा हात फोडणीही तितक्याच मन लावून देऊ शकतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

आजारातून उगवलेली दुसरी गोष्ट इंदूरपासून तासाभरावरच्या देवासची. १९४८ साली गायक कुमार गंधर्व क्षयाने आजारी असताना हवापालटासाठी तिथे आले. गाणं पूर्ण बंद. पत्नी भानुमतीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. पडल्या पडल्या रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी, मागत्यांची भजनं कानांवर येत होती. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे, नाथपंथी निर्गुण भजनांची परंपरा तिथे जिवंत होती. त्या ऐकण्यातून पुढे माळव्याच्या लोकधुनांचा कार्यक्रम उभा राहिला, लगनगांधार, संजारी, मघवा असे धुनउगम राग आले, कबीराची निर्गुणी भजनं आली. बंदिशींचा संग्रह ‘अनूपरागविलास’ १९६५ मध्ये मौज प्रकाशनाने काढला.

कुमारजींवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यांतली जी पुस्तकं त्यांच्या बरं होण्याला केवळ सुरांचा चमत्कार म्हणतात, ती मला खटकतात. कुमारजी बरे झाले त्यात स्ट्रेप्टोमायसिनचा वाटा निर्णायक होता. हे औषध १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलं, त्यासाठी सेल्मन वाक्समन यांना १९५२ चं नोबेल मिळालं, आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ते आपल्याकडच्या रुग्णांपर्यंत पोचू लागलं. एक फुप्फुस जवळपास निकामी झालं ते झालंच. क्षयाचे रुग्ण आजही आपल्या देशात जगात सर्वाधिक आहेत. अशा देशात गाण्याने रोग गेला असं लिहिणं धोक्याचं आहे. औषधाने जीव वाचवला. पण त्या जीवाने पुढे काय करायचं, ते त्या पाच-सहा वर्षांच्या ऐकण्याने ठरवलं. लांब दम मिळणार नाही हे ओळखून त्यांनी लहान लहान, धारदार आलापांची गायकी घडवली. मर्यादा स्वीकारून तिच्यातूनच नवी रीत काढणं, याहून मोठं सर्जन मला माहीत नाही. ‘कुमार गंधर्व : मुक्काम वाशी’ या पुस्तकात ते राग, बंदिश, परंपरा यांवर बोलतात, तिथे आजाराचा बाऊ कुठेच नाही. ज्यांना दुखण्यातून उठून पुन्हा कामाला लागायचं आहे, त्यांनी ते वाचावं. संगीत कळायलाच हवं असं नाही.

माळव्यातल्या या वातावरणात कुमारजी एकटे नव्हते. पत्रकार राहुल बारपुते, नाटकवाले बाबा डिके आणि चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी हा त्यांचा इंदूरचा स्नेहमेळा. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी उभ्या केलेल्या इथल्या चित्रकला विद्यालयातून बेंद्रे आणि हुसेन यांच्यासारखे चित्रकार गेले. चिंचाळकर गुरुजी मात्र इंदूरलाच राहिले, आणि वाळक्या काटक्या, पानं, फेकलेल्या वस्तू यांतून आकार शोधत राहिले.

विनोबांची ‘गीताप्रवचने’ मी दर काही वर्षांनी पुन्हा वाचते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात रविवारी रविवारी दिलेली ही अठरा प्रवचनं साने गुरुजींनी टिपून घेतली. कर्म, विकर्म आणि अकर्म यांचं त्यांतलं विवेचन मला लेखनाच्या आणि स्वयंपाकाच्या दोन्ही कामांत उपयोगी पडतं. बाहेरचं काम ते कर्म, त्याला आतून जोडलेलं मन ते विकर्म. दोन्ही जुळली की कामाचा भार उरत नाही, तेच अकर्म. विनोबा १९६० मध्ये इंदूरला पुष्कळ दिवस राहिले, इथे त्यांनी विसर्जन आश्रम स्थापन केला, आणि शहराच्या सफाईत स्वतः हात घातला. प्रवचनात जे सांगितलं तेच हातांनी केल्यामुळे मला ते पुस्तक विश्वासाचं वाटतं.

अलीकडच्या पुस्तकांत डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ याच कुळातलं. गडचिरोलीत लोकांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या डॉक्टरलाच हृदयविकार होतो. तो तपासण्या करून घेतो, उपचार घेतो, आहार बदलतो, योग आणि ध्यान शिकतो, आणि मग ईश्वराचा प्रश्न विचारतो. क्रम महत्त्वाचा आहे. अनिल अवचटांचं ‘छंदांविषयी’ त्याहून हलकं, पण बासरी, ओरिगामी, लाकडातलं कोरीवकाम यांत बुडालेल्या माणसाचा आनंद त्यात खरा आहे, आणि मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं करणाऱ्या माणसाने तो लिहिला आहे, म्हणून त्याचं वजन वेगळं.

बाहेरच्या जगातून दोन-तीन गोष्टी मी घेतल्या. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ च्या आपल्या ग्रंथात धार्मिक अनुभवाचे दोन स्वभाव मांडले, निरोगी मनाचा आणि व्यथित आत्म्याचा. दुःख पाहून आलेली श्रद्धा अधिक पूर्ण असते, असा त्यांचा कल होता. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं मनातल्या जखमांविषयी लिहायला लावलं, आणि पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. लेखिका ज्युलिया कॅमेरॉन रोज सकाळी हाताने तीन पानं लिहायला सांगतात. हे वाचताना मला सारखे समर्थ रामदास आठवत होते.

दासबोधाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक तापाचं वर्णन आहे, आणि तिथे रामदास देहाच्या रोगांची अशी लांबलचक यादी देतात की वाचणाऱ्याला आपलं दुखणं त्यात सापडतंच. अध्यात्माच्या ग्रंथात इतकं शरीर असेल असं मला वाटलं नव्हतं. आणि एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेचा. अक्षर वाटोळं, सरळ, सुटं असावं, ओळींत अंतर सारखं असावं, पानाला समास सोडावा, शाई, लेखणी आणि कागद कसे निवडावेत, हे सगळं त्यात आहे. तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, कारण म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येणार नाही, इतका पुढचा विचार त्यात केला आहे. पोथी लिहिण्याला त्यांनी भक्तीत धरलं, आणि म्हाताऱ्या डोळ्यांची काळजीही त्याच ठिकाणी घेतली.

आमच्या ओळखीच्या चार-पाच जणींनी गेल्या आषाढापासून हा समास स्वतःच्या अक्षरात उतरवायला घेतला आहे. एकीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, शस्त्रक्रिया दिवाळीनंतर ठरली आहे. तोवर ती ठळक शाईने, एका ओळीत चारच शब्द बसतील एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिते.