ई-मेल खाते, अंतर्गत

एखाद्या संस्थेच्या टपाल सर्व्हरवरील ज्या ई-मेल खात्यातून केवळ त्याच संस्थेतील पत्त्यांशी पत्रव्यवहार करता येतो, बाहेरच्या पत्त्यांशी करता येत नाही, त्यास अंतर्गत ई-मेल खाते म्हणतात. हे बंधन जावक टपालावर, आवक टपालावर किंवा दोन्हींवर घालता येते. ही दोन बंधने परस्परांपासून स्वतंत्र आहेत. एक घातले म्हणजे दुसरे आपोआप लागू होते, असे नाही.

ही कल्पना ई-मेलपेक्षा जुनी आहे. कार्यालयाच्या खाजगी दूरध्वनी केंद्रात काही यंत्रांवरून फक्त आतल्या क्रमांकांशी बोलता येत असे आणि बाहेरची वाहिनी मोजक्याच यंत्रांना मिळत असे. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश धाडला व पत्त्यात @ हे चिन्ह योजले. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी मांडलेल्या एसएमटीपी या संकेतप्रणालीने सर्व्हरांमधील टपालाच्या देवघेवीस निश्चित रूप दिले. या प्रणालीत पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची सोय मुळात नव्हती. ती नंतर जोडली गेली. अंतर्गत खात्यांविषयीच्या बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

कार्यपद्धती : संदेश स्वीकारण्यापूर्वी सर्व्हरला पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोन पत्ते सांगितले जातात. कागदी टपालातील पाकिटाप्रमाणे हे पत्ते आतील मजकुरापासून वेगळे असतात. व्यवस्थापक दोन तक्ते तयार करतो. पहिल्यात बंधन घातलेल्या खात्यांची, तर दुसऱ्यात संस्थेच्या स्वतःच्या डोमेनांची नोंद असते. पाठविणारा पहिल्या तक्त्यात असेल आणि घेणारा दुसऱ्यात नसेल, तर संदेश नाकारला जातो. व्हिट्सा व्हेनेमा यांच्या पोस्टफिक्स या सर्व्हर-प्रणालीत अशा नियमांचा स्वतंत्र वर्ग करता येतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज या प्रणालीत हेच काम टपाल-वहनाच्या नियमांनी साधते.

नकार संभाषण चालू असतानाच, पाचने सुरू होणाऱ्या तीन अंकी संकेताने द्यावा लागतो. संदेश आधी स्वीकारून मागाहून परत पाठविल्यास, पाकिटावरचा पत्ता बनावट असेल तेव्हा ते परतीचे टपाल भलत्याच व्यक्तीकडे जाते.

मर्यादा : पाकिटावरील पाठविणाऱ्याचा पत्ता हा केवळ सांगितलेला असतो. त्यामुळे नुसत्या पत्त्यावर आधारलेले बंधन दुसऱ्याचा पत्ता घालून सहज चुकविता येते. त्यासाठी परवलीच्या शब्दाने ओळख पटवून घेणे आणि त्या ओळखीशी जुळणाराच पत्ता वापरू देणे आवश्यक असते. दुसरी पळवाट स्वयंचलित पुढे-पाठवणीची आहे. तपासणी संदेश स्वीकारताना होते, पुढे-पाठवणी मात्र नंतर घडते. म्हणून आतल्या पत्त्यावर आलेले टपाल एखाद्याच्या खाजगी खात्याकडे निघून जाऊ शकते. सामूहिक पत्त्याच्या यादीत बाहेरचा एक सभासद असला, तरी हाच परिणाम होतो. शिवाय हे बंधन म्हणजे सांकेतिक लेखन नव्हे. पडद्याचे छायाचित्र घेणे किंवा मजकूर अन्य साधनाने बाहेर नेणे त्यामुळे थांबत नाही.

उपयोग : जिल्हा प्रशासनाच्या उदाहरणाने या योजनेचे गुणदोष स्पष्ट होतात. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यात गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव असे आठ तालुके आहेत. अशा जिल्ह्यात आस्थापना किंवा लेखा शाखेच्या खात्यास बाहेर लिहिण्याची गरज सहसा नसते, असे मानू. त्या खात्याचा परवलीचा शब्द चोरीस गेला, तरी जावक बंधनामुळे चोरास त्यावरून जगभर फसवी पत्रे धाडता येत नाहीत. एरवी संपूर्ण डोमेन काळ्या यादीत जाऊन आठही तालुक्यांचे टपाल बाहेरचे सर्व्हर नाकारू लागण्याचा संभव असतो.

याउलट पूर नियंत्रण कक्षाचे खाते अंतर्गत करणे घातक ठरेल. वैनगंगा नदी मध्य प्रदेशातून येते. सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवर या धरणातून सोडलेल्या पाण्याची सूचना राज्याच्या सीमेपलीकडून यावी लागते. ती आणणारा पत्ता निराळ्या डोमेनचा असेल, तर तो ‘बाहेरचा’ ठरून सूचना दारातच अडेल. प्रशासनाची सीमा व डोमेनची सीमा एकच नसते. म्हणून शेजारच्या यंत्रणांचे पत्ते अपवादाच्या यादीत घालावेत. तशी सूचना दूरध्वनीनेही यावी, अशी व्यवस्था असणे इष्ट.

नागरिकांच्या तक्रारींसाठी जाहीर केलेला पत्ताही सर्वांस खुला असावा लागतो. आवक बंधन असलेल्या खात्याकडे चुकून लिहिणाऱ्यास नकाराच्या संदेशातच योग्य पत्ता कळविता येतो. तो मराठीत असेल, तर लिहिणारा रिकाम्या हाती परतत नाही. पाठविणाऱ्याच्या सर्व्हरने तो मजकूर जसाच्या तसा दाखविला पाहिजे, एवढी मात्र अट आहे.

अंतर्गत म्हणजे गुप्त, असाही समज रूढ आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील ‘माहिती’ या संज्ञेच्या व्याख्येत ई-मेलचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे शासकीय कार्यालयातील अंतर्गत पत्रव्यवहारही, अधिनियमातील अपवाद सोडल्यास, नागरिकास मागता येतो. सर्व्हरवरील बंधन टपालाचा मार्ग ठरविते. त्यातील मजकुरावर कोणाचा अधिकार आहे, हे कायदा ठरवितो.