लाल ड्रॅगन आणि घरातली भाषा

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट टॅल्बट नावाचं पोलादाचं गाव आहे. आपल्याकडे हे नाव कानावर येतं ते टाटांमुळे. २००७ साली टाटा स्टीलनं कोरस कंपनी विकत घेतली, तिच्यासोबत इथला कारखाना आला, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी इथली शेवटची झोतभट्टी विझली. इंग्रजी सिनेमा-नाटक पाहणाऱ्यांना मात्र हे गाव वेगळ्याच कारणासाठी माहीत असतं. रिचर्ड बर्टन, अँथनी हॉपकिन्स आणि मायकेल शीन हे तिघंही इथल्याच पाण्यावर वाढले. एवढ्याशा गावातून असे तीन नट निघावेत याचं नवल आहेच. मला त्याहून विचार करायला लावते ती दुसरी गोष्ट: तिघंही स्वतःला अभिमानानं वेल्श म्हणवतात, पण वेल्श भाषा घरात बोलत मोठा झाला तो एकटा बर्टन.

बर्टन हे त्याचं जन्मनाव नव्हे. १९२५ साली जवळच्या पोंत्रीदवेन खेड्यात एका खाणकामगाराच्या तेरा मुलांतला बारावा म्हणून जन्मला तो रिचर्ड जेन्किन्स. घरात वेल्श. दोन वर्षांचा व्हायच्या आत आई गेली आणि थोरल्या बहिणीनं त्याला पोर्ट टॅल्बटला नेऊन वाढवलं. इंग्रजी नीट भेटली ती शाळेत. तिथल्या फिलिप बर्टन या मास्तरांनी त्याचा आवाज हेरला, त्याला डोंगरावर उभं करून मोठ्यानं म्हणायला लावलं, उच्चार घासूनपुसून घेतले. पुढे मुलानं मास्तरांचंच आडनाव लावलं. हॉलीवूड, सात वेळा ऑस्करचं नामांकन, एलिझाबेथ टेलरशी दोनदा लग्न हे सगळं झालं तरी भावंडांशी बोलणं वेल्शमध्येच. जुन्या विक हे लंडनचं नावाजलेलं नाटकघर; तिथं हॅम्लेट करण्यापेक्षा आपल्याला वेल्सकडून रग्बी खेळायला जास्त आवडलं असतं, असं तो सांगायचा. १९८४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याला पुरलं ते लाल कपड्यांत, सोबत डिलन थॉमसच्या कवितांचं पुस्तक ठेवून. लाल हा वेल्सचा रंग. त्यांच्या झेंड्यावर लाल ड्रॅगन असतो.

या डिलन थॉमसपाशी जरा थांबायला हवं. बर्टनचा आवाज आजही ज्या कामासाठी आठवला जातो ते ‘अंडर मिल्क वुड’ हे नभोनाट्य त्याचंच, बीबीसीवर १९५४ मध्ये झालेलं. एका वेल्श खेड्याची रात्र आणि दिवस त्यात आहेत. ते लिहिणाऱ्या थॉमसला मात्र वेल्श येत नव्हती. आईवडील दोघांनाही उत्तम येत होती. वडील स्वान्सीच्या शाळेत इंग्रजीचे शिक्षक. मुलाचं नाव त्यांनी ठेवलं ते मध्ययुगीन वेल्श कथांतलं, पण भाषा दिली नाही. उलट इंग्रजी उच्चार सुधारण्यासाठी शिकवणी लावली. नावाचा वेल्श उच्चार ‘डलन’कडे झुकणारा. घरात आणि जगात तो डिलनच झाला.

एकोणिसाव्या शतकात वेल्सच्या काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत, आणि दुसरा कुणी बोलताना सापडला की ती त्याच्या गळ्यात जाई. हा किस्सा सगळे सांगतात, आणि सांगायलाच हवा. पण थॉमसच्या घरात कुणी पाटी अडकवली नव्हती. तिथं प्रेम करणारे, शिकलेले आईवडील होते आणि मुलाचं भलं व्हावं एवढीच इच्छा होती. बडोदा-इंदूरच्या आपल्या घरांत हे दृश्य अगदीच अनोळखी नाही. आमच्या गणेशोत्सवातल्या नाटुकलीचे मराठी संवाद इंग्रजी अक्षरांत लिहून मागणारी मुलं गोड असतात, आणि संवाद झोकातच म्हणतात.

भाषेविना अभिमान टिकतो का? टिकतो, आणि दणदणीत टिकतो. टॉम जोन्सला वेल्श येत नाही, तरी त्याच्याशिवाय वेल्सची यादी सुरू होत नाही. शर्ली बॅसी कार्डिफच्या गोदीवस्तीतली, वडील नायजेरियाचे. १९९९ च्या रग्बी विश्वचषकाच्या उद्घाटनाला ती वेल्सच्या झेंड्याचाच झगा घालून गायली. हॉपकिन्सनं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं तेव्हा घरच्यांचं काय झालं असेल ते असो, पण १९९८ मध्ये स्नोडन डोंगराचा भाग विकायला निघाला तेव्हा तो वाचवण्यासाठी दहा लाख पौंड दिले ते त्यानंच.

मायकेल शीनची गोष्ट याहून पुढची आहे. २०११ च्या ईस्टरला त्यानं पोर्ट टॅल्बटमध्ये तीन दिवस चालणारं ‘द पॅशन’ केलं. रंगमंच म्हणजे गावच: समुद्रकिनारा, क्लब, रस्ते. हजाराहून अधिक गावकरी त्यात होते. शेवटी क्रुसावरून तो गावातल्या हरवलेल्या जागा आणि माणसं आठवत जातो. साठच्या दशकात महामार्गाचा पूल गावावरून गेला आणि वस्तीच्या वस्ती उठली, त्याची ती आठवण. पुढे २०१७ मध्ये वेल्स-इंग्लंड संबंधांवर व्याख्यान तयार करताना त्यानं इतका इतिहास वाचला, की राणीकडून मिळालेला ओबीई किताब त्यानं परत केला. त्याचा गाजावाजाही केला नाही. तीन वर्षांनी मुलाखतीत विषय निघाला तेव्हा लोकांना कळलं. वेल्सच्या इंग्रजी राष्ट्रीय नाट्यसंस्थेचं अनुदान गेलं आणि ती बंद पडली, तेव्हा २०२५ च्या सुरुवातीला स्वतःचे पैसे घालून नवी संस्था काढणाराही तोच. झेंड्याचा झगा मला आवडतोच, पण माझं मत विचाराल तर हे अवघड काम आहे.

तरी भाषेचा प्रश्न उरतोच. तो सोडवायला शाळा लागली आणि दूरदर्शन लागलं. १९७८ साली कार्डिफमध्ये ग्लानताव ही वेल्श माध्यमाची माध्यमिक शाळा निघाली. मॅथ्यू ऱ्हीस आणि योअन ग्रिफिद हे दोघं तिथलेच. पहिल्यानं २०१८ मध्ये एमी जिंकलं. दुसरा ‘टायटॅनिक’मध्ये बुडणाऱ्यांना शोधायला नाव परत वळवणारा अधिकारी. ग्रिफिदला नाव सोपं करण्याचा सल्ला मिळाला होता, त्यानं ऐकलं नाही. त्याच्या आडनावाच्या शेवटी रोमन लिपीत दोन ‘डी’ येतात. वेल्शमध्ये ते मिळून एक अक्षर असतं आणि वर्णमालेत त्याची जागा वेगळी. माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे सांगतो: नावांची यादी अकारविल्हे लावताना संगणकाला हे मुद्दाम शिकवावं लागतं, आपल्या क्ष-ज्ञसारखंच.

वेल्श वाहिनीचं आश्वासन सरकारनं मागे घेतलं तेव्हा १९८० मध्ये ग्विनवोर एव्हान्स या नेत्यानं आमरण उपोषणाचा इशारा दिला. सरकार नमलं आणि १ नोव्हेंबर १९८२ ला एसफोरसी वाहिनी सुरू झाली. याच वाहिनीसाठी २०१७ मध्ये ‘ईन बोरे मेर्खेर’ ही मालिका झाली, नावाचा अर्थ ‘एका बुधवारी सकाळी’. प्रत्येक प्रसंग दोनदा चित्रित केलेला, एकदा वेल्शमध्ये आणि एकदा इंग्रजीत. नायिका ईव्ह माइल्स वेल्सचीच, आधीच नावाजलेली, पण तिला वेल्श बोलता येत नव्हती. या भूमिकेसाठी ती शिकली. मोठेपणी शिकलेल्या भाषेत रडायचं, भांडायचं, कोर्टात युक्तिवाद करायचा, आणि तेच सगळं पुन्हा इंग्रजीत!

आणि दाव्हिद इवान. इंग्रजी रस्त्यांच्या पाट्यांना रंग फासल्याचा दंड भरला नाही म्हणून १९७० मध्ये तुरुंगात गेलेला हा गायक. १९८३ मधल्या त्याच्या एका गाण्याच्या नावाचा अर्थ ‘अजून इथेच’. ५ जून २०२२ ला कार्डिफमध्ये युक्रेनला हरवून वेल्सचा फुटबॉल संघ १९५८ नंतर पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरला, तेव्हा ७८ वर्षांचा इवान मैदानावर उभा राहून ते गायला. त्याच्याभोवती गॅरेथ बेल आणि सगळे खेळाडू, वर भरलेलं स्टेडियम. त्यातल्या कितीतरी जणांना वेल्श येत नव्हती, पण गाणं पाठ होतं.

विश्वचषकातून वेल्स बाहेर पडलं २९ नोव्हेंबरला. ६ डिसेंबरला २०२१ च्या जनगणनेतले भाषेचे आकडे आले: वेल्श बोलू शकणारे सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे १७.८ टक्के. दहा वर्षांपूर्वी ते १९ टक्के होते. घट मुख्यतः ३ ते १५ वयाच्या मुलांत होती. गणना झाली तेव्हा करोनामुळे शाळा विस्कटलेल्या होत्या, हे एक कारण सांगितलं गेलं. मुलाला वेल्श येते की नाही, ही नोंद आईवडिलांनी भरायची होती.