सेल्फची बॅटरी वेगळी, संसाराची वेगळी

गाडी उभी असताना पंखा, फ्रीज, दिवे जे काही चालवायचं असेल ते सेल्फच्या बॅटरीवर चालवायचं नाही. त्यासाठी दुसरी बॅटरी बसवावी लागते. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एवढं सांगतो आणि मगच बॉनेट उघडतो. बोरगाव मेघेत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. बोरगावची ग्रामपंचायत वेगळी असली तरी वस्ती वर्धा शहराला केव्हाच चिकटली. सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मोठी रुग्णालयं जवळ, त्यामुळे रुग्णवाहिकांची कामं असतात. आषाढीच्या आधी दिंडीसोबत जाणारे ट्रक येतात, लग्नसराईत ट्रॅव्हलर येतात. समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत डिसेंबर 2022 मध्ये आणि पुढे मुंबईकडचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. तेव्हापासून आणखी एक गिऱ्हाईक वाढलं आहे. गाडीतच झोपायची, चहा-पाण्याची सोय करून महिना-महिना फिरायला निघणारी निवृत्त जोडपी.

त्यातल्याच एका काका-काकूंच्या गाडीचं काम सांगतो, म्हणजे सगळा विषय त्यात येईल. काकांनी जुनी ट्रॅव्हलर घेतली होती. गाडीने नर्मदा परिक्रमा करायची, ओंकारेश्वरहून सुरुवात करून अमरकंटकला वळसा घालायचा, असा बेत. काकूंना मधुमेह आहे, इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. काकांना झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास, म्हणून रात्रभर नाकावर सीपॅप मशीन. "भाऊ, तुम्ही फक्त एक बॅटरी जास्तीची लावून द्या ना जी," काका म्हणाले. मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि कागद घेतला.

आधी सेल्फची बॅटरी काय करते ते समजून घ्यायला हवं. डिझेल इंजिन फिरवायला सेल्फ दोनशे-तीनशे अँपिअर करंट ओढतो, पण तीनच सेकंद. हिशेब केला तर एवढ्या दांडग्या ओढीतही बॅटरीतला जेमतेम पाव अँपिअर-तास खर्च होतो आणि गाडी निघाली की अल्टरनेटर तो लगेच भरून देतो. म्हणून या बॅटरीच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. एकदम जोर द्यायचा आणि पुन्हा भरून बसायचं, एवढंच तिचं काम. 1912 मध्ये कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंगचा सेल्फ बसला, तेव्हापासून हेच चालत आलं आहे. तिच्यावर रात्रभर पंखा चालवला तर ती तळाला जाते, पातळ प्लेटांवरचा मसाला झडतो आणि थोड्याच महिन्यांत बॅटरी बसते. सकाळी सेल्फ लागत नाही, हे तर पहिल्याच रात्रीनंतर होतं.

एका रुग्णवाहिकेत मी हे पाहिलं आहे. कुणीतरी इन्व्हर्टर सरळ सेल्फच्या बॅटरीला जोडून ठेवला होता. आतली यंत्रं चालू होती, इंजिन बंद होतं. पेशंट आत घेऊन झाला आणि सेल्फ टकटक करून थांबला. बाजूच्या गाडीवरून जम्पर लावून ती सुरू करावी लागली. मिनिटं थोडीच गेली, पण ती कुणाच्या जिवाची होती. त्या दिवसापासून या बाबतीत मी गिऱ्हाइकाचं ऐकत नाही.

काकांच्या कागदावर आम्ही रोजचा खर्च मांडला. एखादी वस्तू किती वॅटची आणि दिवसात किती तास चालणार, याचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. सीपॅप, त्यातलं पाणी तापवणारं भांडं बंद ठेवून, साधारण 40 वॅट, आठ तास: 320. बारा व्होल्टचे दोन छोटे पंखे मिळून 30 वॅट, दहा तास: 300. दिवे 50, मोबाइल 50, पाण्याचा पंप फार तर 15. बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा छोटा फ्रीज उन्हाळ्याचा हिशेब धरून साडेपाचशेच्या आसपास. बेरीज तेराशेला टेकली. काकांना वाटलं होतं पंखा जास्त खाईल. सगळ्यात जास्त खाणारा निघाला फ्रीज, कारण तो चोवीस तास अंगावर असतो.

भारनियमनाच्या वर्षांमुळे विदर्भात घरोघरी इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी माहीत आहे. तीच गाडीत टाकता येते का, असं खूप जण विचारतात. येते, पण तिचा अर्धाच माल वापरायचा. 150 अँपिअर-तासाची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. टिकवायची असेल तर त्यातले 900 वापरायचे. काकांना तेराशे हवे होते, म्हणजे दोन बॅटऱ्या, आणि एकेक पन्नास-साठ किलोची. शिवाय चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. तो हवेत चार टक्के झाला की ठिणगीसरशी भडकू शकतो. जिथे माणसं झोपतात त्या बंद जागेत पाण्याची बॅटरी मी ठेवत नाही.

दुसरा पर्याय लिथियम आयर्न फॉस्फेटचा. ही मोबाइलमधल्या नेहमीच्या लिथियमपेक्षा शांत जात आहे, सहसा पेट घेत नाही. तिचा मसाला 1990च्या दशकात टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत सापडला, आणि त्या कामात अक्षय पाढी आणि नंजुंडस्वामी हे आपल्याकडचे संशोधक होते. गुडइनफ यांना 2019 मध्ये नोबेल मिळालं. ही दोन नावंही बॅटरीच्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असावीत असं मला वाटतं. या बॅटरीचा 80 टक्के माल बिनघोर वापरता येतो. 150 अँपिअर-तासाच्या बॅटरीतून पंधराशे वॅट-तास हाती येतात आणि वजन ट्यूब्युलरच्या साधारण एक तृतीयांश. दाम मात्र दुप्पट-तिप्पट. काकांनी पैसे मोजले आणि माझ्या मते बरोबर केलं, कारण तिचं आयुष्यही कितीतरी पट आहे.

आता ती भरायची कशी? इथे बहुतेक जण घसरतात. दोन्ही बॅटऱ्यांचे पॉझिटिव्ह वायरने जोडले की झालं, असं वाटतं. तसं केलं तर रात्री पंखा दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या करतो. जुन्या गाडीत आणि शिशाच्या बॅटरीला आयसोलेटर रिले चालतो: इंजिन सुरू होऊन व्होल्टेज 13.3 च्या वर गेलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, 12.8 च्या खाली आलं की तोडतो. लिथियमला हे पुरत नाही. ती रिकामी असली की अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा करंट ओढते, आणि गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना, अल्टरनेटरच्या स्वतःच्या पंख्याची हवा कमी असताना, अल्टरनेटर भाजून निघतो. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-सहा गाड्यांपैकी अनेकांत अल्टरनेटर डिझेल वाचवायला मध्येच व्होल्टेज पाडतो, तिथे रिले गोंधळतो. म्हणून मध्ये डीसी-डीसी चार्जर लावायचा. तो इंजिनाकडून ठरावीकच करंट घेतो आणि लिथियम बॅटरीला हवं तेच व्होल्टेज देतो. काकांना 30 अँपिअरचा लावला. म्हणजे ताशी चारशे वॅट-तास. साडेतीन तास गाडी चालली की आदल्या दिवसाचा सगळा खर्च भरून निघतो.

मुक्काम लांबला तर? टपावर 200 वॅटचं सोलर पॅनेल ठेवलं. आपल्याकडच्या उन्हात ते दिवसाला सात-आठशे वॅट-तास देतं, पावसाळ्यात त्याचा भरवसा धरायचा नाही. तिसरी सोय धर्मशाळेतल्या किंवा आश्रमातल्या 15 अँपिअरच्या प्लगवरून चार्जर लावण्याची. अशा ठिकाणी अर्थिंग असेलच असं नाही. गाडी रबराच्या चाकांवर उभी असते, पत्र्यात करंट उतरला तर पायरीवर पाय ठेवणाऱ्या माणसाच्या अंगातून तो जमिनीत जातो. म्हणून गाडीत शिरणाऱ्या वायरीवर पहिल्यांदा 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळू लागताच लाइन तोडणारा ब्रेकर, मग बाकी सगळं. पेट्रोलचा छोटा जनरेटर काकांनी विचारला होता. मी नाही म्हटलं. झोपलेल्या माणसांच्या गाडीशेजारी चालणाऱ्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि माणूस झोपेतच जातो.

माझ्या हातचं खरं काम वायरीचं. पुढच्या बॅटरीपासून मागच्यापर्यंत पाच मीटर, जाऊन-येऊन दहा. घरातली अडीच एमएमची वायर लावली तर 30 अँपिअरवर वाटेतच दोन व्होल्ट पडतात. 14 निघाले तर पोहोचतात 12, आणि साठेक वॅट वायर तापवण्यात जातात, तेही सीटखालच्या गालिच्यात. सोळा एमएमची तांब्याची वायर टाकली की पडझड पाव-अर्ध्या व्होल्टवर येते. वायरीच्या टोकाला थिंबल पक्कडीने दाबायचं नाही. षटकोनी डायचं क्रिम्पिंग यंत्र घ्यायचं, दाबल्यावर थिंबल हातात धरून जोरात ओढायचं, मग त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवायची. काम झालं की पूर्ण लोडवर अर्धा तास चालवून प्रत्येक नटाजवळ बोट नेऊन बघायचं. जिथे बोट ठेववत नाही तिथला जोड सैल आहे.

आणि फ्यूज. या वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून फ्यूजही दोन, दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. मधेच कुठे पत्र्याला घासून वायर शॉर्ट झाली तर करंट दोन्हीकडून धावतो. लिथियम बॅटरी शॉर्टमध्ये हजारो अँपिअर सोडते, वायर क्षणात लाल होते. घरचा एसीचा एमसीबी इथे लावू नका. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी विझते. डीसीची ठिणगी ताणली जाते आणि जळत राहते. डीसीचाच फ्यूज, डीसीचाच ब्रेकर.

इन्व्हर्टर लहानच घेतला, शुद्ध साइन वेव्हचा. सीपॅपला त्याचीही गरज नव्हती. कंपनीचा डीसी कन्व्हर्टर मिळतो, त्यावर चालवलं की इन्व्हर्टरमधली गळती वाचते. काकूंना इंडक्शन शेगडी हवी होती. दोन हजार वॅटची शेगडी बारा व्होल्टच्या बॅटरीतून पावणेदोनशे-दोनशे अँपिअर ओढते, ते मी करून दिलं नाही. एअर कंडिशनरची गोष्टही तीच. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागणाऱ्या पेशंटच्या घरच्यांनी तर हा हिशेब नक्की करावा. पाच लिटरचं यंत्र साडेतीनशे वॅटच्या आसपास घेतं, एका रात्रीचे अठ्ठावीसशे वॅट-तास होतात. काकांच्या बॅटरीवर ते जेमतेम चार तास चाललं असतं. अशा पेशंटसोबत भरलेला सिलेंडर हवाच.

वर्ध्याचं ऊन हा वेगळा विषय आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, उन्हात बंद उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य 25 अंशांवर मोजलेलं असतं आणि दर दहा अंशांमागे ते निम्मं होतं, असा धंद्यातला ठोकताळा आहे. लिथियम बॅटरी फार तापली की तिच्या आतलं बीएमएस, म्हणजे तिच्यावर नजर ठेवणारं सर्किट, चार्जिंगच थांबवतं आणि लोकांना वाटतं बॅटरी खराब निघाली. म्हणून ती इंजिनापासून दूर, मधल्या सीटखाली, दोन्ही बाजूंना जाळी ठेवून बसवली. उलट अमरकंटकला पौषात पहाटे पारा शून्याजवळ येतो. शून्याच्या खाली ही बॅटरी वापरता येते, चार्ज करायची नाही. तिथे सकाळी ऊन चढेपर्यंत सोलरची कळ बंद ठेवा, असं काकांना लिहूनच दिलं.

बॅटरी किती भरली आहे हे लिथियममध्ये व्होल्ट बघून कळत नाही. शिशाची 12.7 वर भरलेली आणि 12.2 वर अर्धी, असं ठरलेलं आहे. लिथियम निम्मी झाली तरी तेरा व्होल्टच्या वरच दाखवते आणि शेवटी एकदम कोसळते. त्यासाठी निगेटिव्ह वायरीत शंट लावून जाणारा-येणारा करंट मोजणारा मीटर घ्यावा.

कायद्याचंही सांगायला हवं. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 नावाचं मानक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीतली माहिती बदलेल असे फेरफार मालकाला परस्पर करता येत नाहीत. सीटा काढून पलंग टाकायचे, टप उंच करायचा तर आधी आरटीओत विचारा. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंगला कापाकापी नको आणि विमा कंपनीला कळवा.

निघण्याआधी एक रात्र दोघांना त्यांच्याच अंगणात गाडीत झोपायला सांगितलं, घराचा प्लग न लावता, फ्रीज-पंखे-सीपॅप सगळं चालू ठेवून. सकाळी मीटर बघितला, खर्च कागदावरच्या हिशेबाच्या आसपासच होता. मग मी मागच्या दाराच्या आत एक आकृती चिकटवली: कोणती वायर कुठून कुठे जाते, कोणता फ्यूज किती अँपिअरचा, कुठली कळ आधी बंद करायची. शेजारी त्याच मापाचे दोन-दोन फ्यूज आणि दहा नंबरचा पाना एका डबीत. आकृतीवरची अक्षरं हिंदीत लिहिली, कारण परिक्रमेचा रस्ता मध्य प्रदेशातून आणि गुजरातेतून जातो, आणि मंडल्याला किंवा भरूचला जो मेकॅनिक बॉनेट उघडेल त्याला ती वाचता आली पाहिजेत.