परांड्याचा किल्ला, मलिक अंबर आणि आपलं गॅदरिंग



गॅदरिंग जवळ आलं की एक नाच हमखास बसवला जातो. पोरांच्या अंगाला काळा रंग फासायचा, कमरेला पाला बांधायचा, हातात भाला द्यायचा आणि नाव ठेवायचं 'आफ्रिकन डान्स'. मीही एकदा बसवला होता. रंग लावताना एक मुलगा दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, ह्याला रंग नको, ह्यो आधीच हबशी हाय." सगळे हसले. मीही हसलो. तो दुसरा मुलगा त्या दिवशी नाचला नाही. त्यानंतर हा विषय मी वर्गात नीट शिकवायचं ठरवलं.

हबशी म्हणजे कोण?

'हबश' हे इथिओपियाचं, म्हणजे अ‍ॅबिसिनियाचं अरबी नाव. तिथला तो हबशी. म्हणजे हा शब्द मुळात शिवी नाही, गावाच्या नावावरून पडलेली ओळख आहे. पूर्व आफ्रिकेतून शेकडो वर्षं माणसं दख्खनमध्ये आली. कुणी खलाशी, कुणी सैनिक म्हणून आले, तर पुष्कळांना गुलाम म्हणून विकून आणलं गेलं.

त्यांच्यातला सर्वांत मोठा माणूस आपल्या जिल्ह्याशी जोडलेला आहे, हे किती मुलांना माहीत असतं?

परांडा आणि मलिक अंबर

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो विकला गेला आणि हातोहात विकला जात बगदादमार्गे दख्खनला पोचला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. हा पेशवा स्वतःही एके काळी गुलाम असलेला हबशीच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला आणि स्वतःची फौज उभी केली.

१६०० साली अकबराच्या फौजेने अहमदनगर जिंकलं. निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं. तेव्हा अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवलं, आणि काही वर्षं निजामशाहीची राजधानी होती आपलं परांडा! पुढे १६१० मध्ये त्याने खडकी हे शहर वसवलं. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथे जमिनीखालून पाणी आणणारी नहर त्याने बांधली. जमिनीची मोजणी करून महसुलाची घडी बसवली. मुघलांशी गनिमी काव्याने लढला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने लढले होते. १६२६ मध्ये अंबर वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

शिकवताना एक काळजी घ्या. "बघा, गुलामाचा वजीर झाला" एवढ्यावर थांबू नका. अंबर एक झाला. त्याच्याबरोबर विकल्या गेलेल्या बाकीच्यांची नावंही उरली नाहीत. मुलांना दोन्ही गोष्टी कळल्या पाहिजेत.

मग कार्यक्रम कसा करायचा?

अमेरिकेत कार्टर वुडसन या इतिहासकाराने १९२६ मध्ये फेब्रुवारीतला एक आठवडा कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी राखला. १९७६ पासून तो पूर्ण महिना झाला. तिथे शाळा, ग्रंथालयं, मोहल्ले मिळून गाणी, चित्रं, नाटकं करतात. त्यामागचा विचार साधा आहे: ज्यांचा इतिहास पुस्तकात येत नाही, त्यांचा तो आपण सांगायचा. आपल्याला हे नवीन नाही. जलसे आणि शाहिरी यांनी आपल्याकडे हेच काम केलं.

तर १९ ते २५ नोव्हेंबरच्या जागतिक वारसा सप्ताहात हे करून बघा:

१. परांड्याच्या किल्ल्याची सहल. तटावर बसून अंबरची गोष्ट सांगा आणि मुलांना किल्ल्याचं चित्र काढू द्या.

२. मुलांनी स्वतः रचलेला पोवाडा. चार कडवी पुरे. हलगी गावातलीच, वाजवणारे काकाही गावातलेच बोलवा.

३. नकाशा. इथिओपिया, बगदाद, अहमदनगर, परांडा, खडकी. हा प्रवास लोकरीच्या धाग्याने जोडायचा.

४. वाद्यांची ओळख. गुजरातमधले सिद्दी लोक आजही 'गोमा' नाच करतात. हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या 'न्गोमा'वरून आला. अर्थ ढोल, नाच. त्यांचा मुगरमान नावाचा उभा ढोल आणि आपला तुळजापूरचा संबळ, दोन्हींचे व्हिडिओ शेजारी शेजारी दाखवा. मुलं आपसूक ताल धरतात.

सिद्दी फक्त गुजरातेत नाहीत. शेजारच्या कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ भागातही आहेत. आपल्याकडे जंजिऱ्याचं सिद्दींचं संस्थान १९४८ पर्यंत होतं. म्हणजे ही परक्यांची नव्हे, आपल्याच मुलखातली गोष्ट आहे.

एक नियम मात्र पक्का ठेवा: तोंडाला काळा रंग लावायचा नाही. अंबरची भूमिका करायला पागोटं आणि आवाज पुरतो. आणि सावळ्या मुलालाच अंबर करायचं, असंही नको. ज्याला आवडेल तो करेल.

पालकांना एक विनंती. घरात "काळ्या", "काळुंद्री" म्हणून लाडाने हाक मारता ना? लेकराला तो लाड वाटतो का, हे एकदा त्यालाच विचारा.

माझ्या वर्गातल्या त्या मुलाला मी हे विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा.