जामसांवली आणि करणीची कुळकथा

नागपुराहून सावनेरमार्गे महाराष्ट्राची हद्द ओलांडून मध्य प्रदेशातील सौंसर तालुक्यात शिरले म्हणजे जामसांवली फार दूर राहत नाही. पिंपळाखाली हनुमंताची निद्रिस्त मूर्ती आहे. ती मूळची उभी, परंतु तिच्याखालील धनाची चोरांना अभिलाषा झाली तेव्हा आपण होऊन आडवी झाली, अशी आख्यायिका आहे. मूर्तीच्या नाभीशी पाझरणारे जल तीर्थ म्हणून मिळावे, यासाठी ‘बाहेरची बाधा’ झालेल्या आप्तांना घेऊन विदर्भातून आणि सातपुड्याच्या खेड्यापाड्यांतून माणसे येथे येतात.

यांतील बहुतेकजण आधी गावच्या देवऋष्याकडे जाऊन आलेले असतात. तेथे पहिला प्रश्न असतो तो हा, की करणी केली कोणी? आणि उत्तरात जे नाव निघते ते भाऊबंदकीत वैर धरलेल्या चुलत्याचे, शेजारच्या निपुत्रिक बाईचे, अथवा पाठीशी कोणी नसलेल्या विधवेचे असते. काळ्या जादूचे खरे बळ मंत्रात किंवा लिंबूसुयांत नाही, ते या नाव घेण्यात आहे, असे माझे ठाम मत आहे. मारुतीपुढे ठेवायचे असते ते दुःख. तेथे कोणाला आरोपी करण्याची गरज नसते, आणि म्हणूनच या दोन उंबरठ्यांची गल्लत होऊ नये.

करणीची, म्हणजेच अभिचाराची, परंपरा अथर्ववेदाइतकी जुनी आहे. रोग हरण करणारी भैषज्यसूक्ते आणि शत्रूचा नाश इच्छिणारी सूक्ते त्या एकाच संहितेत शेजारी नांदतात. मनुस्मृतीने अभिचारास 200 पणांचा दंड सांगितला, तर तंत्रग्रंथांनी स्तंभन, उच्चाटन, मारण अशी षट्कर्मांची रीतसर व्यवस्था लावली. पेशवाईच्या दप्तरांत ‘भूत घातल्या’च्या फिर्यादी आढळतात, म्हणजे सरकारच या अपराधावर विश्वास ठेवून त्याची चौकशी करीत असे. इंग्रज अधिकारी जॉन माल्कमने 1823 साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात डाकीण ठरवून मारलेल्या स्त्रियांची हकीकत आहे. इंग्रजी अमलात अशी हत्या हा खून ठरला आणि चेटकास शिक्षा देण्याचा पंचांचा अधिकार गेला. संशय मात्र कोणत्याही जाहीरनाम्याने रद्द झाला नाही, तो चावडीवरून घराघरांत जाऊन बसला.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, आणि वर्षानुवर्षे रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच महिन्यात अध्यादेशरूपाने व डिसेंबरात विधिमंडळाच्या संमतीने महाराष्ट्राला मिळाला. भूत उतरवण्याच्या मिषाने मारहाण करणे, साखळीने बांधणे, एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचे जिणे असह्य करणे, हे सारे त्यात गुन्हे आहेत. मध्य प्रदेशातून 2000 साली वेगळ्या झालेल्या छत्तीसगडने ‘टोनही’ म्हणजे चेटकीण ठरवल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या रक्षणार्थ 2005 मध्येच कायदा केला होता. पण कायद्याचा अंमल सरहद्दीपाशी थांबतो. 1956 च्या राज्य-पुनर्रचनेत मध्य प्रदेशातच राहिलेल्या आणि ऑक्टोबर 2023 पासून पांढुर्णा जिल्ह्यात मोडणाऱ्या या मराठी मुलखाची भाषा, सोयरीक आणि देवऋषी सावनेर-काटोलच्या नात्यातले असले, तरी महाराष्ट्राचा तो अधिनियम येथे चालत नाही. येथील मनोरुग्णाला साखळदंडापासून संरक्षण आहे ते केंद्राच्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाचे, जो मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई करतो.

या मनाईमागे तमिळनाडूतील एरवाडीची राख आहे. तेथील दर्ग्यालगतच्या एका आश्रयगृहाला 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली, आणि साखळ्यांत जखडलेले 28 मनोरुग्ण पळता न आल्यामुळे जळून मेले. उलट गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्ग्याच्या मुजावरांनीच रुग्णांना शेजारी बसणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांकडे धाडण्याची पद्धत स्वीकारली. दुआ बंद न करता दवा सुरू झाली. जामसांवलीस ‘हनुमान लोक’ हा मंदिरपरिसर उभारण्याचा संकल्प 2023 साली करण्यात आला. त्या भव्य आराखड्यात, पिंपळापासून हाकेच्या अंतरावर, मनोविकारांच्या डॉक्टराची एक नित्याची खोली असावी, आणि तिची वाट रुग्णाच्या आप्तांना पुजाऱ्यांनीच दाखवावी.