बैलाचा, मोटारीचा आणि मनाचा भार

बडनेरा जंक्शनात उभ्या असलेल्या मालगाडीकडे पाहिल्यास प्रत्येक डब्यावर त्याची भारक्षमता रंगविलेली आढळते. बैलाच्या वशिंडावर असा आकडा नसतो. माणसाच्या मनावर तर नसतोच. म्हणूनच अतिभाराचे निरनिराळे प्रकार शेतकरी बंधूंनी ओळखले पाहिजेत.

पहिला भार बंडीचा. तो मागे अधिक झाल्यास बंडी उलाळ होते, पुढे अधिक झाल्यास जू मानेवर बसून खांदा सुजतो. वेळेचाही भार असतो. १९६५ सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणे ओढकामाचे जनावर दिवसात ९ तासांहून अधिक व विसाव्यावाचून सलग ५ तासांहून अधिक जुंपता येत नाही. तापमान ३७ अंशांवर गेले असता दुपारी १२ ते ३ या वेळात जुंपण्यास मनाई आहे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात याचे महत्त्व सांगावयास नको.

दुसरा भार विहिरीवरील मोटारीचा. विजेचा दाब उतरला की मोटार अधिक प्रवाह खेचते, तापते आणि शेवटी जळते. स्टार्टरमधील रिले ती वेळीच बंद पाडतो. तो बांधून ठेवणे म्हणजे स्वतःचेच नुकसान करून घेणे होय.

तिसरा भार डोळ्यांस दिसत नाही. तो माहितीचा होय. पऱ्हाटी फुलावर आली की दुकानदार एक औषध सुचवितो, शेजारी दुसरे, आणि मोबाईलवर दहा सल्ले येऊन पडतात. गोंधळलेला शेतकरी निवड न करता दोन-तीन औषधे एकाच पंपात कालवितो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. औषधांची अशी मिश्रणे हेही त्यामागील एक कारण मानले गेले.

यावर उपाय म्हणजे सल्ले कमी करून स्वतः पीक पाहणे. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी २ कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात लागोपाठ ३ रात्री प्रत्येकी ८ पतंग आढळले, अथवा २० हिरवी बोंडे फोडून पाहता २ किडकी निघाली, तरच फवारणीचा विचार करावा. शंका उरल्यास कृषी सहायकास अथवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर विचारावे. औषध एकच घ्यावे, त्याचे प्रमाण वेष्टनावरील सूचनेप्रमाणे ठेवावे आणि हातमोजे व तोंडावर मुखपट्टी असल्याखेरीज पंप पाठीवर घेऊ नये.

जादा भरलेली बंडी चढावर अडली तर शहाणा गाडीवान चाबूक न उगारता चार पोती खाली उतरवितो. सल्ल्यांच्या बाबतीतही तेच करावे.